टॅबलेटला एकच पोर्ट : एका ऑडिओ इंटरफेसच्या निवडीचं प्रकरण

चौथ्या टेकच्या सुरुवातीला, गिटारची पहिली तार वाजण्याआधी, एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. मी तो सहा-सात वेळा ऐकला आणि मग उलगडा झाला. रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर टेकलेल्या बोटाचा तो आवाज होता. काचेवर बोट टेकल्याचा आवाज दीड हात लांब स्टँडवर असलेल्या माइकमध्ये इतका स्पष्ट येत नाही. तो येतो टॅबलेटच्या स्वतःच्या, काचेच्या कडेला बसवलेल्या माइकमध्ये. म्हणजे तो अख्खा टेक, पाच मिनिटांचं गाणं, चांगला कंडेन्सर माइक समोर असताना टॅबलेटच्या टाचणीएवढ्या माइकवर रेकॉर्ड झाला होता आणि गाणारीला त्याचा पत्ताही नव्हता.

गाणारी म्हणजे माझी आतेबहीण. स्वतः गाणी लिहिते, गिटार वाजवत गाते, रात्री घर शांत झालं की रेकॉर्ड करते. तिने मला फाइल पाठवली ती वेगळ्याच तक्रारीसाठी. “दादा, या टेकमध्ये माझा आवाज डब्यातून आल्यासारखा का येतोय? तिसऱ्यापर्यंत बरा होता. इंटरफेस बिघडला असेल तर नवीन घेते. कुठला घेऊ तेवढं सांग.” इंटरफेस म्हणजे माइक आणि गिटारचा आवाज अंकांत बदलून टॅबलेटला देणारा छोटा खोका.

‘कुठला घेऊ’ या प्रश्नाचं उत्तर मी एका ओळीत दिलं असतं तर तिने ते यंत्र आणलं असतं, आणि महिन्याभरात पुन्हा तोच ‘टक्’ ऐकू आला असता. म्हणून आधी आहे त्या साहित्यात काय बिनसलंय ते शोधायचं ठरवलं.

काय होतं हाताशी

टॅबलेट दहाव्या पिढीचा आयपॅड. त्याला यूएसबी-सी पोर्ट आहे आणि हेडफोनचं भोक नाही. रेकॉर्डिंगसाठी गॅरेजबँड हे अ‍ॅप. मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, म्हणजे फँटम पॉवर, माइकच्या केबलमधूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज, हवीच. अकूस्टिक गिटार, तिच्या ब्रिजखाली पिएझो पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारी पट्टी, पण गिटारमध्ये प्रीअँप (क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) किंवा बॅटरी नाही. तारेवरचे बंद हेडफोन. मित्राकडून उसना आणलेला दोन इनपुटचा इंटरफेस. आणि एक हब: एका बाजूने टॅबलेटला लागतं, दुसऱ्या बाजूला इंटरफेस आणि चार्जर दोन्ही.

गरज अशी की गळा आणि गिटार एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे. बैठक साधारण तीन तासांची. मेट्रोनोम नाही, आधी वाजवलेलं काही ऐकत गायचं नाही, सगळं एका दमात. हा शेवटचा तपशील तेव्हा मला किरकोळ वाटला होता. प्रकरणाची किल्ली तोच निघाला.

इंटरफेस नव्हता तेव्हा ती ब्लूटूथ हेडफोन लावून टॅबलेटच्या माइकवर गायची आणि एकावर एक आवाज चढवायला गेली की दुसरा कायम पहिल्याच्या मागे पडायचा. ब्लूटूथमध्ये ध्वनी कानापर्यंत यायला शेदोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाताना तो मेळ माणसाला साधता येत नाही. तारेचे हेडफोन आले आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

चौथ्या टेकला काय झालं

मी तिला त्या रात्रीचा क्रम आठवायला सांगितला. तिसऱ्या टेकच्या शेवटी टॅबलेटने बॅटरी २० टक्क्यांवर आल्याचं सांगितलं. तिने चार्जर हबला लावला. त्या क्षणी रेकॉर्डिंग थांबलं. “मला वाटलं माझंच बोट लागलं.” तिने गिटार जुळवली, पुन्हा लाल बटण दाबलं आणि गायली.

चार्जर लागताच हब आणि टॅबलेट यांच्यात विजेची बोलणी नव्याने होतात. आतापर्यंत टॅबलेट हबला वीज देत होता, आता हब टॅबलेटला देणार. ही अदलाबदल होताना काही हब क्षणभर सगळ्यांचाच हात सोडतात. इंटरफेस त्या क्षणी टॅबलेटच्या दृष्टीने नाहीसा होतो. बहुतेकदा पुढच्या क्षणाला परत दिसतो. त्या रात्री तो परतला नाही. वीज मिळत होती, दिवा हिरवा होता, टॅबलेटशी संवाद मात्र तुटलेला. आयपॅडने मग जे करायला हवं तेच केलं: बाहेरचा इनपुट गेला, तर आतला माइक घ्या.

तिला हे कळलं कसं नाही? कारण हेडफोन इंटरफेसला लावलेले होते आणि त्यावर ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू होता. या सोयीत माइकचा आवाज टॅबलेटपर्यंत न जाताच, यंत्राच्या आतल्या आत, हेडफोनला मिळतो. टॅबलेट जोडलेला असो वा नसो, वीज आहे तोवर गाणाऱ्याला आपला आवाज ठणठणीत ऐकू येतो. मेट्रोनोम किंवा आधीचा ट्रॅक चालू असता तर तो टॅबलेटच्या स्पीकरमधून वाजला असता आणि ती चमकली असती. एका दमात गायच्या तिच्या पद्धतीमुळे तेवढा एक इशाराही मिळाला नाही.

थोडक्यात, उसना इंटरफेस बिघडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी हब काढून, टॅबलेटला थेट जोडून त्याच यंत्रावर तिने दोन टेक घेतले. दोन्ही स्वच्छ.

“मग नवीन घ्यायलाच नको?” असं तिने विचारलं. मलाही काही काळ तसंच वाटत होतं.

विजेचा हिशेब

हब काढला की चार्जिंग गेलं. तेव्हा पहिला प्रश्न: चार्जिंगशिवाय तीन तास निघतील का?

या आयपॅडची बॅटरी २८.६ वॉट-तासांची आहे, आणि वाय-फायवर वेब पाहताना ती १० तासांपर्यंत पुरेल असं अ‍ॅपल सांगते. म्हणजे त्या साध्या वापरात टॅबलेट सरासरी २.९ वॉटच्या आसपास खातो. आता इंटरफेस. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एका उपकरणाला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत घेता येतात, म्हणजे २.५ वॉट. एवढी वीज घेणारा इंटरफेस टॅबलेटला लावणं म्हणजे त्याच्या पाठीवर जवळजवळ दुसरा टॅबलेट बसवणं. दहा तासांचे साधारण सव्वापाच होतात, तेही बॅटरी नवी, पूर्ण भरलेली आणि पडदा मंद असेल तर. तिचा टॅबलेट दिवसभर इतर कामांसाठी फिरायचा. रात्री रेकॉर्डिंगला बसताना तो साठ टक्क्यांवर असायचा. साठ टक्क्यांवर हा हिशेब कागदावर तीन तासांना जेमतेम टेकतो, प्रत्यक्षात टेकत नाही.

फँटम पॉवरवर मात्र उगाच खापर फुटतं. ४८ व्होल्ट हा आकडा मोठा दिसतो, पण प्रमाणानुसार माइक जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घेऊ शकतो, म्हणजे अर्धा वॉटसुद्धा नाही. बरेचसे कंडेन्सर माइक यापेक्षा पुष्कळ कमीत भागवतात. पाच व्होल्टचे ४८ करताना थोडी वीज वाया जाते हे धरूनही बॅटरी पिणारा तो नव्हे. पिणारा आहे इंटरफेसचा बाकीचा संसार: ध्वनीचे अंक आणि अंकांचा ध्वनी करणारे रूपांतरक, प्रीअँप, हेडफोनचा अँप्लिफायर.

मग चांगला हब घ्यावा का? इथे दुसरी तक्रार आडवी आली, जी तिने आधी सांगितलीच नव्हती कारण तिला ती गिटारची वाटत होती. चार्जर लावलेला असला की गिटारच्या ट्रॅकमध्ये बारीक, उंच सुराची शीळ यायची. फोनवरून आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो, एका वेळी एकच. चार्जर काढला, शीळ गेली. लावला, आली. तारांना हात लावला, कमी झाली. गिटारची केबल काढून फक्त माइक ठेवला, जवळजवळ गेली. एवढ्यावरून चित्र स्पष्ट होतं. चार्जरमधला गोंगाट यूएसबीच्या सामाईक ग्राउंडमधून शिरत होता. माइकची एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची, केबल संतुलित असते, तिच्या दोन तारांवर सारखाच आलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. गिटारची केबल असंतुलित, तिला ही सोय नाही.

चांगला हब आणि चांगला चार्जर यांनी हे सुटलं असतं कदाचित. पण ‘कदाचित’साठी दोन वस्तू विकत घ्यायच्या, आणि मधली साखळी तशीच ठेवायची, हे मला पटेना. जुन्या लाइटनिंग पोर्टच्या आयपॅडांना कॅमेरा अडॅप्टर लागायचा आणि त्याच्या यूएसबी ३ वाल्या प्रकाराला चार्जिंगचं वेगळं भोक होतं. तो अडॅप्टर वागवायचा सगळ्यांना कंटाळा होता, पण चार्जिंगची अडचण त्याने मुकाट्याने सोडवलेली होती. यूएसबी-सी आल्यावर अडॅप्टर गेला आणि अडचण परत आली.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा नव्या यंत्राची अट तयार झाली: वीज घेण्यासाठी त्याला स्वतःचं वेगळं पोर्ट हवं. म्हणजे इंटरफेस पॉवर बँकेवर चालेल, टॅबलेटवर त्याचा भार पडणार नाही, मध्ये हब नसेल, आणि पॉवर बँकेचा भिंतीतल्या विजेशी संबंध नसल्याने शीळही येणार नाही. टॅबलेट चार्ज होणार नाही हे खरं. पण त्याला फक्त स्वतःपुरतं खायचं असेल तर साठ टक्क्यांत तीन तास निघतात.

गिटार पातळ का

शीळ शोधताना गिटारचा ट्रॅक नीट ऐकला आणि तिसरी गोष्ट सापडली. आवाज पातळ, खर्ज गायब, वरच्या सुरांना काचेसारखी धार. तिने हे पिकअपच्या माथी मारून सोडून दिलं होतं. मी विचारलं, इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण दाबलंयस का? उसन्या इंटरफेसवर ते बटण पहिल्या इनपुटला होतं, आणि पहिल्यात माइक होता. गिटार दुसऱ्यात, लाइन इनपुटवर.

पिएझो पिकअप विजेच्या भाषेत एका लहान कपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या इनपुटला जोडाल त्याचा रोध आणि ही कपॅसिटी मिळून खालचे सूर अडवणारी चाळणी तयार होते. ढोबळ हिशेबासाठी कपॅसिटी १ नॅनोफॅरड धरू. लाइन इनपुटचा रोध साधारण १० किलोओहम. चाळणी सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं कमी करायला लागते, म्हणजे जवळपास अख्खी गिटारच. केबलची कपॅसिटी, प्रत्यक्षातला रोध यांनी आकडे हलतात, पण दिशा हीच. तेच इन्स्ट्रुमेंट इनपुटवर, म्हणजे १ मेगाओहमवर, चाळणी १६० हर्ट्झच्या आसपास येते. फार मोठा फरक. तरी गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे खर्जाचा थोडा भाग इथेही गळतो. पिएझोसाठी बनवलेल्या प्रीअँपचे इनपुट १० मेगाओहमपर्यंतचे असतात ते याचसाठी.

तिने केबलींची अदलाबदल केली, बटण दाबलं आणि पाच मिनिटांत तिचा संदेश आला: “अरे दादा, ही माझीच गिटार आहे?” एक कपर्दिकही खर्च न करता या प्रकरणात मिळालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच.

नव्या यंत्रासाठी दुसरी अट मग ठरली. निदान एका इनपुटवर हाय-झी, म्हणजे तेच ‘इन्स्ट्रुमेंट’वालं, बटण. आता बाजारातल्या बहुतेक दोन इनपुटच्या इंटरफेसना ते असतंच, त्यामुळे या अटीने कुणी फारसं गळत नाही. ते कुठल्या इनपुटला आहे हे पाहून केबल लावणं महत्त्वाचं.

कानात काय येतं

उसन्या इंटरफेसबद्दल तिची एक खरी तक्रार उरली होती. डायरेक्ट मॉनिटर चालू केला की गळा डाव्या कानात आणि गिटार उजव्या कानात. रेकॉर्डिंगवर याचा परिणाम नाही, पण असं गाताना डोकं दोन माणसांच्या भांडणात सापडल्यासारखं होतं. पहिला इनपुट डावीकडे आणि दुसरा उजवीकडे पाठवणारी ही सोय दोन माइकच्या स्टीरिओ रेकॉर्डिंगला योग्य आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मात्र मोनो करणारं, दोन्ही आवाज दोन्ही कानांत देणारं, बटण लागतं. लोक इंटरफेसचे किलोहर्ट्झ आणि डेसिबल ताडून बघतात आणि हे बटण बघायला विसरतात. माझ्या मते अशा वापरात ते प्रीअँपच्या दर्जाइतकंच महत्त्वाचं आहे.

डायरेक्ट मॉनिटर बंद करून गॅरेजबँडमधूनच ऐकलं तर? तसं करता येतं. ध्वनी टॅबलेटमध्ये जातो, अ‍ॅप त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा, चढवतं, मग परत येतो. गॅरेजबँड ४४.१ किलोहर्ट्झवर चालतं. बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा, २५६ सँपलचा धरला तर एका दिशेला ५.८ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त, कारण रूपांतरकही आपला वाटा घेतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. १२ मिलिसेकंद म्हणजे चार मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकणं. गिटारवादक हे चालवून घेतात. गाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. स्वतःचा आवाज कवटीतून त्याला आधीच ऐकू येत असतो, आणि त्यात हेडफोनमधला उशिराचा आवाज मिसळला की दोन्ही मिळून पोकळ, पाइपातून आल्यासारखा आवाज तयार होतो. तिने दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. डायरेक्ट मॉनिटरवर सूर पक्का लागतो, पण आवाज कोरडा. अ‍ॅपमधून रिव्हर्ब मिळतो, पण गळा परका वाटतो.

“थोडा तरी रिव्हर्ब हवा रे, नाहीतर बाथरूममध्ये जाऊन गाते.” हे तिने चेष्टेत म्हटलं, पण मागणी रास्त होती. इंटरफेसच्या आतच रिव्हर्ब तयार करणारी यंत्रं असतात. त्यात उशीर जाणवत नाही, आणि रेकॉर्डिंग कोरडंच ठेवता येतं. अट म्हणून नव्हे, असलं तर बरं म्हणून मी ते लिहून ठेवलं.

जे प्रश्न मी गुंडाळून ठेवले

सँपल रेट, म्हणजे ध्वनी सेकंदाला किती वेळा मोजायचा: १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांचा या कामाशी संबंध नाही, अ‍ॅपच ४४.१ वर चालतं. बिट: २४, हे गॅरेजबँडच्या सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. त्याने आवाज खालच्या पातळीवर, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून, निर्धास्त रेकॉर्ड करता येतो. प्रीअँपचा गेन, म्हणजे तो आवाज किती वाढवतो: तिचा माइक कंडेन्सर, म्हणजे मुळातच मोठ्याने बोलणारा. शुअर एसएम७बीसारखा हळू बोलणारा, उणे ५९ डीबीव्हीचा डायनॅमिक माइक असता तर ६० डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन शोधावा लागला असता. इथे नाही.

वेगाचा प्रश्न तिने दोनदा विचारला, कारण या आयपॅडचं पोर्ट यूएसबी २.० च्या वेगाचं, ४८० मेगाबिटचं आहे हे तिने कुठेतरी वाचलं होतं. दोन चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ: गुणाकार २.३ मेगाबिट येतो. दोन इनपुटसाठी हे पोर्ट म्हणजे रिकामा महामार्ग आहे.

ड्रायव्हरचं मात्र पाहावं लागतं. आयपॅडला इंटरफेस जोडायचा तर तो ‘क्लास कंप्लायंट’ हवा, म्हणजे यूएसबी ऑडिओच्या सामाईक नियमांप्रमाणे वागणारा, वेगळा ड्रायव्हर न मागणारा. आयपॅडओएस १६ पासून एम१ किंवा पुढच्या चिपच्या आयपॅडवर ड्रायव्हर बसवण्याची वाट उघडली आहे, पण तिचा आयपॅड त्यातला नाही. शिवाय ‘टॅबलेटवर चालतं’ याचा अर्थ ‘टॅबलेटवर सगळं चालतं’ असा नसतो. काही इंटरफेसचा गेन, फँटम, मॉनिटरची पातळी कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधूनच बदलता येते. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. त्यामुळे तिसरी अट: रोज लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला यंत्रावर खरी मूठ किंवा बटण हवं.

घरातला जुना अँड्रॉइड टॅबलेट या कामाला ठेवावा का, असंही तिने विचारलं. अँड्रॉइडने ५.० या आवृत्तीपासून, २०१४ मध्ये, यूएसबी ऑडिओला रीतसर जागा दिली आणि ८.० मध्ये कमी उशिराच्या ध्वनीसाठी एऑडिओ ही सोय आणली. पण प्रत्यक्षातला उशीर टॅबलेटगणिक बदलतो. हातातला एक मार्ग चालू असताना दुसरा उघडू नकोस, एवढंच मी म्हटलं.

पर्यायांची चाळण

खरं सांगायचं तर माझं पहिलं मत दोन इनपुटच्या इंटरफेसचं नव्हतंच. एकाच इनपुटचा छोटा इंटरफेस, एक माइक, गळा आणि गिटार दोन्ही त्यातच, जागा बदलून तोल साधायचा. वीज कमी, केबली कमी, आणि असं रेकॉर्डिंग ऐकायला फार छान लागतं. तिने साफ नकार दिला. “गाणं झाल्यावर मला गिटार खाली करता आली पाहिजे. तुझ्या त्या एका माइकमध्ये काय करू?” बरोबर होतं. मी माझी आवड तिच्या गरजेवर लादत होतो.

दुसरा पर्याय सेलवर चालणारा हातातला रेकॉर्डर, जो यूएसबीवर इंटरफेस म्हणूनही वागतो. विजेचा प्रश्न तिथे निघण्याआधीच संपतो. आम्ही एक मागवून पाहिला. त्याच्यात गेन मेन्यूमध्ये शिरून बदलावा लागे आणि हाय-झी इनपुट नव्हता. दोन अटी तिथेच मोडल्या. भिंतीतल्या विजेवर चालणारा आठ इनपुटचा खोका मी यादीत घेतलाच नाही. दोन केबलींसाठी आठ दारं कशाला.

उरली एकच जात: दोन इनपुट, क्लास कंप्लायंट, विजेचं वेगळं पोर्ट, मोनो बटण. ही चारही एकत्र शोधायला लागल्यावर यादी भराभर आखडली. आमच्या हाती लागलेला स्टाइनबर्गचा यूआर२२सी या वर्णनात बसत होता. त्याच्या मागे यूएसबी-सी पोर्टच्या शेजारी ५ व्होल्टचं वेगळं मायक्रो-यूएसबी पोर्ट आहे, आणि वीज कुठून घ्यायची ते ठरवणारं बटणही. पुढे मोनोचं बटण, थेट आवाज आणि टॅबलेटचा आवाज यांचं प्रमाण बदलणारी मूठ, दुसऱ्या इनपुटला १ मेगाओहमचा हाय-झी. आणि आत रिव्हर्ब, जो आयपॅडवरच्या अ‍ॅपमधून लावता येतो. फँटमचं बटण दोन्ही इनपुटना एकच आहे, पण ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या पिनांवरच जातात, जॅकने जोडलेल्या गिटारला त्याचं भय नाही.

मायक्रो-यूएसबी मला आवडत नाही. ते पोर्ट नाजूक, उलटसुलट घुसवण्यात अर्धा मिनिट जातो, आणि त्याच्या केबली घरातून हळूहळू नाहीशा होत चालल्यात. तिला तसं सांगितलं. तिने इंटरफेसच्या पोटाशी ती केबल चिकटपट्टीने कायमची बांधून टाकली.

त्यानंतर

पहिल्या रात्री काहीच ऐकू आलं नाही. टॅबलेटला इंटरफेस दिसेचना. मी मनात सगळा हिशेब उलटा तपासू लागलो. शेवटी केबल निघाली दोषी: दोन्हीकडे यूएसबी-सी असलेली, कुठल्याशा दिव्याबरोबर आलेली, फक्त वीज वाहणारी. आयपॅडची स्वतःची केबल लावली आणि गाडी सुरू झाली.

बाकीची घडी बसायला दोन बैठका लागल्या. आधी पॉवर बँक, मग इंटरफेस चालू, मग टॅबलेट जोडायचा आणि सगळ्यात शेवटी गॅरेजबँड उघडायचं. सेटिंगमध्ये एकाच वेळी अनेक ट्रॅक रेकॉर्ड करण्याची सोय चालू करायची, एका ट्रॅकला इनपुट १, दुसऱ्याला २. प्रत्येक टेकआधी माइकच्या जाळीवर नखाने टकटक करून पडद्यावरची पट्टी हलते का ते पाहायचं. टॅबलेटवर टकटक केल्यावर हलली तर थांबायचं. या तपासणीला पाच सेकंद लागतात आणि चौथ्या टेकचं प्रकरण पुन्हा होत नाही.

तीन तासांच्या बैठकीनंतर टॅबलेट पहिल्या वेळी साठवरून पंचवीस टक्क्यांवर आला. शीळ नाही. गिटारचा खर्ज थोडा कमी आहे तो आहेच, तेवढ्यासाठी पिएझोचा वेगळा प्रीअँप घ्यायचा की गिटारला दुसरा माइक लावायचा यावर आमचं एकमत नाही. ती माइकच्या बाजूची आहे, मी म्हणतो त्यात गळा शिरेल. उसना इंटरफेस मित्राला परत गेला आणि तो त्यावर कॉम्प्युटरला जोडून मजेत काम करतो.

तिच्या फाइली अजून माझ्याकडे येतात आणि मी सवयीने आधी सुरुवातीचे दोन सेकंद ऐकतो. परवाच्या गाण्यात ‘टक्’ नव्हता. पंखा मात्र होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तसं कळवलं, तर तिचं उत्तर आलं: “उकडत होतं रे दादा.”